आईचा फोटो वेदीवर ठेवू की नको?

पत्र : आमची आई फेब्रुवारीत गेली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दफनभूमीत तिला ठेवलंय. बाबा हिंदू होते, ते नऊ वर्षांपूर्वी वारले. त्यांना अग्नी दिला, अस्थी मलप्रभेत सोडल्या. आता नोव्हेंबर तोंडावर आलाय आणि घरात चार तोंडं चार दिशांना झालीत. मडगावची मावशी म्हणते, आई आता संतच झाली, तिचा फोटो घरातल्या वेदीवर सायबिणीच्या (मरियेच्या) शेजारी ठेव आणि तिच्याकडे नऊ दिवसांची नोव्हेना कर. पुण्याचा भाऊ म्हणतो, तिच्यासाठी चर्चमध्ये तीस मिस्सा (प्रार्थनाविधी) सांगू, पैसे मी पाठवतो. शेजारच्या काकू विचारतात, पितृपक्षात पान का ठेवलं नाहीस? फादरांकडे २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आईच्या नावची मिस्सा मागितली तर म्हणाले, त्या दिवशी सगळ्यांची मिळून होईल, एकटीची जमणार नाही. फार लागलं मनाला. बाबांसाठी मिस्सा सांगता येते का, हे विचारायचं तर धाडसच झालं नाही. त्यात पावसाने थडग्याची माती खचलीय, फरशी बसवावी का तेही कळत नाही. काय करू म्हणून समजेना झालंय बघा.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर :

ताई, संतांकडे आपण आपल्यासाठी विनंती मागतो आणि आपल्या गेलेल्या माणसांसाठी आपण स्वतः देवाकडे विनंती करतो. एवढा धागा हातात धरलात की फोटो कुठे, मेणबत्ती कशाला, मिस्सा कुणासाठी, हे एकेक सुटत जाईल. संतांची लितानी म्हटली जाते तेव्हा नीट कान द्या. देवाचं नाव आलं की लोक म्हणतात, ‘आम्हांवर दया कर’. मरियेचं, योसेफाचं, पेत्र-पौलाचं नाव आलं की म्हणतात, ‘आम्हांसाठी विनंती कर’. आणि मृतांच्या मिस्सेत आईचं नाव घेतात तेव्हा ‘तिला चिरशांती दे’ असं देवाला म्हणतात. तीन जागा, तीन वेगळी वाक्यं.

मावशींचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण हा फक्त दिनदर्शिकेत नाव असलेल्या संतांचा नाही. स्वर्गात पोचलेल्या, पण कुणी नाव न घेतलेल्या सगळ्यांचा तो दिवस. त्यात तुमची आई असेलही. पण ती पोचली हे जाहीर करणं घरच्या माणसांच्या हातात नाही. कॅथलिक चर्चच्या धर्मसंहितेच्या ११८७ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक भक्ती फक्त चर्चने धन्य किंवा संत म्हणून घोषित केलेल्यांचीच करता येते. पिलारचे फादर आग्नेल १९२७ मध्ये वारले, १९८६ मध्ये त्यांना ‘पूजनीय’ (‘धन्य’च्या आधीची पायरी) ठरवलं गेलं. आजही त्यांच्या मध्यस्थीने खासगी प्रार्थना करता येते, मिस्सेत त्यांचा सण साजरा करता येत नाही. संत जोसेफ वाझ १७११ मध्ये वारले, १४ जानेवारी २०१५ ला संत झाले. तीनशे वर्षं लागली! वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले, त्यांना संतपद मिळालं १८६२ मध्ये. एवढी चाळणी असताना आपल्या आईची नोव्हेना छापून वाटणं बरं नाही.

मनातल्या मनात ‘आई, माझ्यासाठी प्रार्थना कर गं’ असं म्हणायला कुणाचीच ना नाही. चर्चची शिकवण सांगते की आपण मृतांसाठी केलेली प्रार्थना त्यांना तर मदत करतेच, शिवाय त्यांची आपल्यासाठीची विनंतीही फलद्रूप करते. फक्त आपली बाजू सोडू नका, तिच्यासाठी मागत राहा. ती आधीच देवाजवळ असेल तर प्रार्थना वाया जाईल, ही भीतीही नको. तशी प्रार्थना कुणा दुसऱ्या आत्म्याच्या उपयोगी पडते. नोव्हेनाच करायची असेल तर २४ नोव्हेंबरला संत फ्रान्सिस झेवियरची सुरू होते, ३ डिसेंबरला सण. ती करा आणि त्यात आईसाठी विनंती मागा. मावशींचाही मान राहील.

आता फोटो. वेदीवर मध्ये क्रूस, बाजूला सायबीण, मग संतांच्या तसबिरी. त्या ओळीत आईचा फोटो नको, कारण तिथे बसवला की पाहणारा आणि घरातली पोरं तिला संतांत धरतात. वेगळ्या भिंतीवर लावा. नोव्हेंबरपुरता हवा असेल तर वेदीपासून जरा बाजूला एक स्टूल, त्यावर पांढरं कापड, फोटो, एक मेणबत्ती, बायबल आणि घरातल्या सगळ्या मृतांची नावं लिहिलेला कागद. रात्रीचा तेर्स (जपमाळेची प्रार्थना) तिथेच बसून म्हणा आणि दहा मण्यांच्या प्रत्येक दशकानंतर ‘हे प्रभो, त्यांना चिरशांती दे, तुझा अखंड प्रकाश त्यांच्यावर पडू दे’ हे जोडा. चंदनाचा हार आपल्याकडे फोटोला घालतातच, त्याने काही बिघडत नाही. उदबत्ती ओवाळणं, नैवेद्य दाखवणं मात्र नको.

२ नोव्हेंबरच्या मिस्सेचं तुम्हाला लागलं, ते साहजिक आहे. फादरांनी ‘का’ तेवढं सांगायला हवं होतं. एरवी धर्मगुरूला दिवसाला एकच मिस्सा करायची मुभा असते, गरजेप्रमाणे दोन, रविवारी आणि सक्तीच्या सणांना तीनही. २ नोव्हेंबरला मात्र प्रत्येक धर्मगुरूला तीन करता येतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी ही सवलत सगळीकडे लागू केली. पण तीनही मिस्सा हव्या त्याच्या नावे करता येत नाहीत. एक सर्व मृत विश्वासूंसाठी, एक पोपच्या हेतूंसाठी, आणि उरलेली एकच कुणाच्या तरी खास हेतूसाठी. पॅरिशमधल्या शंभर घरांनी ती एक मागितली तर फादर काय करणार? तुमची आई त्या दिवशी वगळली जात नाही, सर्वांसाठीच्या मिस्सेत ती आहेच. तिच्या एकटीच्या नावाची मिस्सा ३ तारखेनंतरच्या कुठल्याही साध्या दिवशी मागा.

ती मागताना थोडी व्यवहाराची काळजी घ्या. चिठ्ठीवर आईचं बाप्तिस्म्याचं नाव आणि आडनाव, मृत्यूची तारीख, ‘मृत आत्म्यासाठी’ असा हेतू, हवी ती तारीख आणि एक पर्यायी तारीख, तुमचं नाव आणि फोन नंबर. आणि एकच प्रश्न स्पष्ट विचारा : ही मिस्सा एकट्या हेतूची की सामूहिक? एका देणगीमागे एक स्वतंत्र मिस्सा, हा मूळ नियम. अनेकांचे हेतू एकत्र करून एक मिस्सा करायची तर देणाऱ्यांना ते आधी माहीत असून मान्य असावं लागतं, वेळ आणि ठिकाण जाहीर करावं लागतं, आणि अशी मिस्सा आठवड्यातून दोनदाच करता येते. हा नियम रोमने १९९१ मध्ये घालून दिला. बरेच गैरसमज इथेच होतात : एकटीची समजून देणगी दिलेली असते आणि मिस्सेत तीस नावं वाचली जातात. पैशाची अडचण असेल तर तसं फादरांना सांगावं, गरिबाच्या हेतूसाठी देणगीविनाही मिस्सा करावी असं धर्मसंहिताच सांगते. चर्चमध्ये नोव्हेंबरभर नावांची पेटी किंवा पाकिटं ठेवली असतील तर तीही भरा, पण ती स्वतंत्र मिस्सेच्या जागी धरू नका.

पहिल्या वर्षाची मिस्सा फेब्रुवारीत येईल, तिची तारीख आत्ताच मागून ठेवा. ती रविवारी किंवा राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) पडली तर मिस्सा आईसाठी अर्पण होईल, पण प्रार्थना आणि वाचनं त्या दिवसाचीच राहतील. मृतांच्या मिस्सेची खास वाचनं हवी असतील तर पुढचामागचा साधा दिवस घ्या.

भाऊ म्हणतात त्या तीस मिस्सांना ग्रेगोरियन मिस्सा म्हणतात. सहाव्या शतकाच्या अखेरच्या थोर पोप ग्रेगरींच्या नावाने त्या ओळखल्या जातात. एकाच मृत व्यक्तीसाठी, सलग तीस दिवस, रोज एक. धर्मगुरू किंवा चर्च तेच असायला हवं असं नाही, पण साखळी तुटता कामा नये. गावच्या फादरांना हे जड जातं : मध्येच लग्न, मध्येच दफन, मध्येच दुसऱ्या कुणाचा महिना. अचानक आजारपण किंवा अंत्यविधी आडवा आला तर फळ जात नाही, राहिलेल्या मिस्सा लवकरात लवकर पुऱ्या करायच्या असतात. तरीही जिथे चारपाच धर्मगुरू एकत्र राहतात अशा मठात किंवा सेमिनरीत या मिस्सा सांगणं सोपं. पैसे पाठवण्याआधी सुरुवातीची तारीख लेखी मागून घ्या. आणि खरं सांगायचं तर भावाने पुण्यात राहून तीस मिस्सांचे पैसे भरण्यापेक्षा त्यातल्या दोनचारांना स्वतः जाऊन बसणं आम्हाला अधिक मोलाचं वाटतं.

बाबांसाठी मिस्सा सांगता येते. जिवंत असो वा मृत, कुणासाठीही मिस्सा अर्पण करायला धर्मगुरू मोकळा आहे, हे धर्मसंहितेचं ९०१ वं कलम. बाप्तिस्मा झालेला नव्हता म्हणून दार बंद होत नाही. फादरांना भेटून ‘बाबा हिंदू होते’ हे सरळ सांगा, म्हणजे नाव मोठ्याने घ्यायचं की हेतू मनात ठेवायचा ते त्यांना ठरवता येईल. आपल्या भागात अशी मिश्र घरं कमी नाहीत, फादरांना हा प्रश्न नवा नसणार. अस्थी मलप्रभेत सोडल्या त्याची रुखरुख नको. रक्षा घरात ठेवू नये, विखरू नये, पवित्र जागी ठेवावी, हा २०१६ चा रोमचा नियम कॅथलिकांच्या दहनासाठी आहे. बाबांना त्यांच्या धर्माप्रमाणे निरोप दिलात, तो योग्यच होता.

दंडमुक्तीबद्दल (क्षमा झालेल्या पापांची उरलेली शिक्षा माफ होण्याबद्दल) तुम्ही विचारलं नाहीत, पण या आठ दिवसांत आईसाठी करण्यासारखी हीच मोठी गोष्ट आहे आणि लोक नेमकी तीच अर्धवट करतात. १ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केली, मनातल्या मनात केली तरी चालते, की पूर्ण दंडमुक्ती मिळते. ती फक्त शुद्धिस्थानातल्या (स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या) आत्म्यांनाच लावता येते, दिवसाला एकच, म्हणजे आठ दिवसांत फार तर आठ. सोबतच्या अटी : पापनिवेदन (कुमसार), त्या दिवशी कम्युनियन (मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेणं), पोपच्या हेतूंसाठी एक ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ व एक ‘नमो मरिये’, आणि कुठल्याही पापाची, लहानशा पापाचीही, ओढ मनात न ठेवणं. कुमसार एकदा केलं की सगळ्या दिवसांना पुरतं. कम्युनियन आणि पोपसाठीची प्रार्थना मात्र रोजची रोज लागते. इथेच गाडी अडते. लोक थडग्यावर डझनभर मेणबत्त्या लावून येतात आणि त्या दिवशी मिस्सेला गेलेलेच नसतात. एखादी अट राहिली तर दंडमुक्ती पूर्ण न राहता अंशतः होते.

२ नोव्हेंबरला दफनभूमी जमली नाही तर चर्चला भेट देऊन ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आणि विश्वासांगीकार म्हटला तरी चालतो, त्याची वेळ १ तारखेच्या दुपारी बारापासून २ च्या मध्यरात्रीपर्यंत. कोरोनाच्या वेळी, २०२० आणि २०२१ मध्ये, ही मुदत पूर्ण नोव्हेंबरभर वाढवली होती, ते काहींच्या डोक्यात अजून बसलेलं आहे. आणि सर्वात सोयीची गोष्ट : दफनभूमी आईचीच हवी असं कुठेही म्हटलेलं नाही. आठ दिवस बेळगाव-खानापूर बसने हेलपाटे मारू नका. सकाळी जवळच्या चर्चमध्ये मिस्सा घ्या आणि कामावर जाताना शहरातल्या दफनभूमीत पाच मिनिटं थांबा. आईकडे एक दिवस सावकाश जा. कुमसार मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच उरका, १-२ तारखेला रांगा लागतात.

१ नोव्हेंबर बेळगावात कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी, चन्नम्मा चौकाकडे जाणारी वाट कुठे वळवलेली असेल त्याचा नेम नाही. सकाळची पहिली मिस्सा गाठा. फुलं ३१ तारखेच्या संध्याकाळीच आणून ओल्या गोणपाटात ठेवा. दिवाळी आसपास असली तर शेवंती-झेंडूचा भाव चढलेला असतो, तेव्हा अंगणातली जास्वंद, तगर चालते. गावी जायचं ते ३ ते ८ च्या मधला दिवस बघून.

थडग्याचं काम त्याच्याही आधी उरकायला हवं. पहिल्या पावसाळ्यात माती खचतेच, खड्डा भरताना भुसभुशीत राहिलेली माती बसते आणि पेटीचं लाकूड कुजून खाली दबतं. यात अशुभ काही नाही. आत्ता गवत आणि काँग्रेसचं तण मुळासकट उपटा, लाल माती आणा, वीतभर थर टाकून पाणी शिंपडून धुमसाने ठोका, मग पुढचा थर. वर अर्धा फूट उंचवटा ठेवा. फरशीची घाई करू नका. उन्हाळ्यापर्यंत माती किती बसते ते पाहा, मग पावसाआधी बसवा. फरशीचा भार खड्ड्याच्या मातीवर येऊ देऊ नका, चारी बाजूंनी न खणलेल्या जमिनीवर काँक्रीटची पट्टी घालून तिच्यावर टेकवा. नाहीतर दुसऱ्या पावसात मधोमध तडा. त्याही आधी चर्चच्या कार्यालयात विचारा की थडगं कायमचं आहे की काही वर्षांनी जागा पुन्हा वापरतात. पुन्हा वापरणार असतील तर लाकडी किंवा सिमेंटचा क्रूस पुरे, दगडात पैसे घालू नका.

दगड ग्रॅनाइटचा घ्या, इळकलचा लालसर असला तरी छान. संगमरवर आपल्या तांबड्या मातीत दोन पावसांत डागाळतो, आणि डाग काढायला कुणी ॲसिड, लिंबू किंवा व्हिनेगर चोळलं की वरची चकाकी खाल्ली जाऊन तो खडबडीत होतो, मग शेवाळ अधिकच धरतं. साधं पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश, बस. मेण सांडलं तर थंड होऊ द्या, लाकडी पट्टीने खरवडा, राहिलेलं गरम पाण्याने पुसा. सुरी लावू नका. मेणबत्ती थेट दगडावर किंवा वाळक्या गवतात लावण्याऐवजी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात किंवा खानापूरच्या मातीच्या भांड्यात उभी करा, वारा असला तर काचेची चिमणी. प्लास्टिकच्या फुलांजवळ तर अजिबात नको, भडकन पेट घेतात.

पानाबद्दल काकूंशी वाद घालत बसू नका. २ नोव्हेंबर हा आपल्या पितृपक्षाचा अवतार आहे असं त्यांना वाटत असेल, पण तो दिवस इ.स. १००० च्या आसपास फ्रान्समधल्या क्लुनी मठाच्या ओदिलो यांनी आपल्या मठांमध्ये सुरू केला आणि तिथून पसरला. आपले मृत जेवायला येतात असं आपण मानत नाही, त्यामुळे पान ठेवत नाही. पण मृतांच्या नावे दानधर्म करावा असं चर्चच सांगतं. गोव्याकडच्या घरांत लग्नाआधी मृतांच्या आठवणीने भिकाऱ्यांना जेवू घालायची रीत आहे, ती मावशींना ठाऊक असेलच. आईला आवडायचं ते करा, भात-आमटी का असेना, आणि एखाद्या अनाथाश्रमात किंवा गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीला नेऊन द्या. काकूंनाही डबा द्या.

आई स्वप्नात आली, तहान लागली म्हणाली, असं काही झालं तर घाबरून कुणा अंगात आणणाऱ्याकडे धावू नका. मृतांना बोलावणं चर्चला साफ अमान्य आहे. उठून एक तेर्स म्हणा.

फरशीवर काय लिहायचं ते कोरायला देण्याआधी बाप्तिस्मा आणि दफनाच्या नोंदीशी ताडून घ्या. घरात बोलायचं नाव एक, नोंदीतलं दुसरं, आधार कार्डावरचं तिसरं, असं हमखास निघतं. दोन्ही नावं हवी असली तर नोंदीतलं मोठं आणि घरचं खाली. अक्षरं कोरून त्यात रंग भरायला सांगा, नुसती रंगवलेली दोन उन्हाळे टिकत नाहीत. पाथरवटाला मजकूर तोंडी न सांगता कागदावर लिहून द्या, आणि कोरण्याआधी दगडावर खडूने काढलेलं स्वतः जाऊन वाचून या.